गवताच्या बैलांना हिंगूळ

१७ जानेवारी १९४४

आज तीन बैल गेले. चौथ्याचं नुसतं शेपूट उडालं, तो उद्या पुन्हा उभा राहील.

माळावरून सायकल हाणत घरी यायला दीड तास लागला. उलटा वारा. मांड्या भरून आल्यात, दातांत धूळ, कानात अजून विमानांची घरघर. हात दोनदा धुतले तरी तंबाखूचा वास जात नाही. भावकूनं निपाणीहून तंबाखूची जुनी पोती मागवली आहेत — जाड असतात, टिकतात. बैलांच्या अंगाला तीच शिवतो. दिवसभर शिंका!

बेचाळीस वर्षांचा ड्रॉइंगमास्तर मी. पोरांना कमळ आणि घडा काढायला शिकवत होतो. आता विमानांना मारायला बैल करून देतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आत भाताचं पिंजर म्हणजे पेंढा, वर पोतं, पोत्यावर चिखल आणि चुना. असे दोन बैल एका मोडक्या गाडीला जुंपायचे आणि माळावर नेऊन उभे करायचे. मग विमान येतं, नेम धरून त्यांच्यावर गोळ्या झाडतं. ते गेलं की मी आणि भावकू जाऊन भोकं बघतो, कुठे लागलं, किती लागलं त्याचा कागदावर नकाशा काढतो. एवढंच काम. कुणाला सांगायचं नाही असं लिहून घेतलंय. सांगून तरी कोण विश्वास ठेवणार!

भावकू माळाखालच्या गावचा सुतार. साठी उलटलेली. सगळा जन्म खऱ्या गाड्या करण्यात गेला. आज जळकं जू उचलून बाजूला टाकताना म्हणाला, 'मास्तर, म्या केल्याली गाडी तीस वर्सं चालती. ही तीस आकडं म्हणस्तवर ऱ्हाईना.' मला हसू आलं नाही. खरंच तेवढाच वेळ लागतो.

१९ जानेवारी

तोफसाहेबानं आज शरदचं नाव पुन्हा लिहून घेतलं. पहिला कागद हरवला म्हणे.

तोफसाहेब म्हणजे विमानांच्या हत्यारांवरचा अधिकारी. त्याचं खरं नाव भावकूच्या तोंडात बसेना, म्हणून त्यानंच हे ठेवलं. मुलाखतीच्या दिवशीच मी साहेबाला म्हटलं होतं — माझा धाकटा भाऊ शरच्चंद्र, पलटणीच्या दवाखान्यात कंपाउंडर, सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला. त्याचा तपास कराल? म्हणाला, रेडक्रॉसमध्ये माझी ओळख आहे, जरूर करीन. मी तिथेच सही केली. शाळेतून बिनपगारी रजा घेतली. आक्का म्हणाली, विमानवाल्यांची चाकरी कशाला? मी म्हटलं, शरदसाठी.

घरात आम्ही तिघं. मी, थोरली बहीण आक्का, आणि बेबी — शरदची बायको. लग्नाला आठ महिने झाले होते तो गेला तेव्हा. दोन वर्षांत एक कार्ड आलं. तेही छापील. 'मी बरा आहे' आणि खाली सही. बेबीनं ते देव्हाऱ्यात ठेवलंय. रोज फुलं बदलताना वाचते. तीनच शब्द, पण तिला वेळ लागतो.

१० फेब्रुवारी

बंदुकांचा तक्ता पुरा झाला. डोळे गेले.

विमानाच्या दोन्ही पंखांत मिळून बारा बंदुका असतात. आधी आठ असायच्या, आठांनी भागेना म्हणून बारा. त्या सरळ समोर रोखलेल्या नसतात. जरा आत वळवतात, अशा की अडीचशे यार्डांवर सगळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी याव्यात. वैमानिकानं ते ठिकाण गाडीवर आणायचं. पुढे गेला तरी फुकट, मागे राहिला तरी फुकट.

वीस वर्षं वर्गात मी हेच शिकवलं. लांब जाणाऱ्या रेषा शेवटी एका बिंदूत मिळतात, लोंढा स्टेशनाकडे जाणारे रूळ बघा. तिथे त्या बिंदूत काही नसायचं. इथे बैल असतो.

भोकं अजून करंगळीएवढीच. साहेब नाखूश आहे. म्हणतो, या गोळ्यांनी पोतं फाटतं, गाडी मोडत नाही.

८ मार्च

बारा बंदुका गेल्या, त्यांच्या जागी चार तोफा आल्या. लहानच, पण गोळा आत शिरून फुटतो. एका बाजूनं अंगठा जाईल एवढं भोक, दुसऱ्या बाजूनं परात जाईल एवढं. दोन्ही बैल पेटले. तंबाखूची पोती ती — माळभर विडीचा वास! पहाऱ्यावरचे शिपाई हसून हसून लोळत होते. मीही हसलो. मग नकाशा काढायला बसलो, तर तीनदा खोडावा लागला. दमलो असेन.

२५ मार्च, पाडवा

सुट्टी. बेबीनं शरदच्या वाटणीची श्रीखंडाची वाटी झाकून ठेवली. तिसऱ्या दिवसापर्यंत ती तशीच ठेवील आणि मग टाकवणार नाही, म्हणून आक्कानं संध्याकाळी गुपचूप शेजारी देऊन टाकली.

२० एप्रिल

नवं विमान आलं. पंखांखाली दोन लांबलचक तोफा लटकवलेल्या. एकेकीत पंधराच गोळे. तोफ उडाली की विमान हवेतच ठेच लागल्यासारखं अडखळतं आणि नाक खाली घालतं, म्हणून नेम जरा वर धरावा लागतो. त्याचाही तक्ता मीच काढायचा.

आज मोजायला भोकंच नव्हती. गाडीच नव्हती. खानापूरहून मुद्दाम आणलेल्या लाकडाचं चाक भावकूनं परवा बसवलं होतं, त्याच्या कडेची लोखंडी धाव शंभर पावलांवर सापडली, उलगडून सरळ झालेली. भावकूनं ती उचलली, खांद्यावर टाकली आणि शेडकडे चालू लागला.

साहेब खुशीत होता. समजावून सांगत बसला. म्हणे, या तोफा केल्या रणगाडे फोडायला. पण बर्मात रणगाडे कितीसे? तिथे जपानी सगळं होड्यांतून आणि बैलगाड्यांतून नेतात. तांदूळ, दारूगोळा, सगळं. गाडी फोडली की पुढची फौज उपाशी.

मी विचारलं, गाडी हाकणारा कोण असतो?

जो हाती लागेल तो, म्हणाला. गावकरी, मजूर. कैदीसुद्धा. एवढं बोलून माझ्याकडे बघितलं आणि कागद आवरायला लागला. त्याला आठवलं असावं.

२१ एप्रिल

आज गेलो नाही. पोट दुखतं म्हणून चिठ्ठी पाठवली. पोट दुखत नव्हतं.

२ मे

साहेबाला आता गाडीवर माणूस हवा. गवताचा केला. भावकूनं सवयीनं त्याच्या डोक्याला पटका गुंडाळला. मी सोडून काढला. भावकूनं कारण विचारलं नाही. चेहरा मी काढलाच नाही. साहेब म्हणाला, चालेल, एवढ्या उंचीवरून दिसत नाही.

रेडक्रॉसकडून काही नाही. मी दर सोमवारी विचारतो. तो दर सोमवारी म्हणतो, पुढच्या आठवड्यात.

बेबीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी विमानांची चित्रं काढतो.

६ जून, बेंदूर

काय दिवस! कित्येक महिन्यांनी घरी हसत आलो.

सकाळी शेडमध्ये पोचलो तर भावकू आधीच हजर. धुतलेलं धोतर, समोर वाटीत शिंगांना लावायचा लाल हिंगूळ कालवलेला, केळीच्या पानात दोन पोळ्या. आज कर्नाटकी बेंदूर, माझ्या ध्यानातही नव्हतं. शहरात राहणाऱ्याला बैलाचा सण कुठे आठवतो! म्हटलं, आज घरचे बैल सोडून इकडे कशाला आलास? तर म्हणे, घरच्यांचं झालं, आता ह्यांचं. मी म्हटलं, अरे, हे गवताचे.

तो वाटीतला हिंगूळ ढवळत राहिला. 'मास्तर, मातीचा बैल देव्हाऱ्यात पुजतावच न्हवं? मग गवताचा का न्हाय? शिंगं केली, कान केलं, मानंवर जू ठेवलं. बैल झाला त्यो. उद्या मारूंद्यात की. पर आजच्या दिशी उघड्या शिंगांचा उभा ऱ्हायाचा न्हाय.'

त्याच्या हाताला कंप आहे, शिंगावरून रंग ओघळायला लागला, म्हणून ब्रश मीच घेतला. आणि मग थांबवेना! शिंगं लालभडक केली. टोकांना कागदाचे गोंडे. पाठीवर पोत्यावरच निळी-पिवळी झूल रंगवली, काठाला चौकडे. कपाळाला बाशिंग. इथे आल्यापासून पहिल्यांदा रंगाला रंग म्हणून हात लावला. भावकूनं दोघांच्या तोंडाला पोळीचा तुकडा लावला, पायावर पाणी घातलं, हात जोडले. मीही जोडले. मग नेऊन माळावर उभे केले. साहेबाला सांगायला हवं होतं. विसरलो — की सांगितलं नाही, देव जाणे.

आम्ही खड्ड्यात बसलो. विमान आलं, नेहमीसारखं झोकून खाली आलं... आणि काही न करता वर गेलं. फिरून परत आलं, फार खाली. पुन्हा वर! दुसरं आलं. तेही वळलं. तिसरंही. चौथ्यानं तेवढ्या तोफा उडवल्या, त्यांचे गोळेही लांब पडले.

पहिला वैमानिक पंजाबी, शेतकऱ्याच्या घरचा. उतरल्या उतरल्या पहाऱ्यावाल्यांवर ओरडत सुटला की गावात सण आहे, सजवलेले बैल माळावर शिरलेत, तुम्ही झोपा काढता काय! एवढ्या वरूनही शिंगं दिसली त्याला. खरं कळलं तेव्हा तोही पोट धरून हसला.

साहेब तेवढा हसला नाही. रागावलाही नाही. बैलाजवळ गेला, शिंगावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला हिंगूळ बघितला आणि खिशातली वही काढून काहीतरी लिहीत राहिला.

घरी, कैद्यांचं तेवढं सोडून, सगळं सांगून टाकलं. लिहून दिलेलं मोडलं — मोडू दे. आक्काच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. बेबी हसली! किती दिवसांनी तिचे दात दिसले. मग जरा वेळानं म्हणाली, 'भाऊजी, शिंगं रंगवली की विमान मारत नाही, हे तिकडच्या गाडीवाल्यांना कुणीतरी कळवायला हवं.'

मी म्हटलं, कळवू या.

८ जून

युरोपात फौजा उतरल्या. खडेबाजारात पेपरवाल्याभोवती गर्दी. मी थांबलो नाही.

साहेबानं सकाळीच बोलावलं. शांतपणे बोलत होता. म्हणाला, चौघांतले तिघे वळले. उद्या ही युक्ती जपान्यांना कळली तर? एक डबा रंग, आणि आमची सगळी विमानं बिनकामाची. म्हणून यापुढे प्रत्येक बैलाची शिंगं रंगवायची, गोंडे लावायचे, झूल घालायची. एकही वैमानिक वळेनासा होईपर्यंत.

आणि एक रंगीत तक्ता काढायचा. सजवलेली बैलगाडी, जशी वरून दिसते तशी. खाली ओळ — कशीही सजवलेली असो, गाडी शत्रूचीच समजा. छापून पूर्वेकडच्या सगळ्या तळांवर जाणार.

मी म्हटलं, साहेब, तो आमचा सण असतो. म्हणाला, म्हणूनच तर.

वाईट माणूस नाही तो. त्याचा स्वतःचा भाऊ कोहिमाला मारला गेला, गेल्याच महिन्यात. मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. जायला निघालो तेव्हा म्हणाला, रेडक्रॉसला दुसरं पत्र गेलंय, या वेळी उत्तर नक्की येईल.

नाही म्हणायचं होतं. जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरणार होतो. पण नाही म्हटलं असतं तर सोमवारी कोणत्या तोंडानं विचारायला गेलो असतो?

९ जून

भावकू गेला. पगारही न घेता.

त्याला आज नवा हुकूम सांगितला. ऐकून घेतलं. लाकूड तासायचा वाकस धोतराच्या सोग्यानं पुसला, पिशवीत घातला. म्हणाला, 'मारायला बैल करून दिलं, व्हय, दिलं. पर पुजून मारायचा बैल म्या करत न्हाय. हिंगूळ तुमच्या हातानं लावा, मास्तर.'

मी म्हटलं, भावकू, माझ्या भावाचं काम अडकलंय इथे. तो म्हणाला, 'ठावं हाय मला. म्हणून तर तुमास्नी जा म्हणत न्हाय.'

शेडमध्ये दुपारभर एकटाच होतो. दोन जोड्यांची शिंगं रंगवली. सरळ आली रेघ. माझ्या हाताला कंप नाही.

३० जून

पाऊस. माळ बंद. छपराखाली बसून तक्ता चालू.

१९ जुलै

तक्ता झाला. खरं ते लिहितो, इथे कोण वाचणार आहे — माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र झालं हे. वरून पाहिलेली गाडी आजवर कुणी काढली असेल? बैलांच्या पाठी, झुलीची चौकट, चाकांच्या सावल्या, आणि ती चार लाल शिंगं. चिखलाच्या रंगात तेवढाच लाल. नजर दुसरीकडे जातच नाही. साहेब बराच वेळ बघत राहिला. 'ब्यूटिफुल' म्हणाला.

कोपऱ्यात बारीक 'उ' काढला. माझ्या उपेंद्र नावाचा. इतक्या वर्षांत कुठल्या चित्रावर सही केली नव्हती. आज का करावीशी वाटली?

२ ऑगस्ट

छापून आले. गठ्ठे स्टेशनावर गेले.

१८ सप्टेंबर

माळ उघडला. नव्या तुकडीतले आठ वैमानिक. पहिल्या फेरीत पाच वळले. साहेबानं त्यांना खाली बोलावून तक्त्यासमोर उभं केलं, एकेकाला.

मनातल्या मनात मी वळणाऱ्यांच्या बाजूनं होतो. कुणाला सांगू नकोस म्हणून स्वतःलाच बजावलं.

२३ सप्टेंबर

आठांतले दोन.

३ ऑक्टोबर

कुणीच नाही.

आता पंखांखाली अग्निबाण पण लावतात. सुटला की मागे धुराची रेघ, आणि मग माळावर विहिरीएवढा खड्डा. त्याचं माप घ्यायला आत उतरलो, तर तळाशी कागदाचा एक गोंडा होता. जळलेला नव्हता. खिशात घातला आणि बाहेर येऊन खड्ड्याचं माप लिहून काढलं.

१० ऑक्टोबर

पंजाबी वैमानिक भेटायला आला. त्याची तुकडी आघाडीवर निघाली. बेंदराच्या दिवशी सगळ्यांत आधी वळलेला हाच. मी त्याला अधूनमधून बेबीच्या हातचे लाडू दिलेत. माझा हात हातात घेतला आणि हिंदीत म्हणाला, 'मास्टरजी, अब मैं नहीं मुड़ता.'

शाबासकी मिळेल असं वाटलं असावं त्याला. मी म्हटलं, सांभाळून राहा.

१७ ऑक्टोबर, दिवाळी

बेबीनं दारात रांगोळी काढली. मधे बैलजोडी. मी वरून पाय टाकून गेलो, दिसलीच नाही. ती पुन्हा काढत बसली.

२० नोव्हेंबर

रेडक्रॉसचं उत्तर आलं. साहेबानं स्वतः हातात दिलं. दोन ओळी. नाव नोंदलेलं आहे, ठिकाणाची माहिती नाही.

म्हणजे जेवढं जानेवारीत माहीत होतं तेवढंच. दहा महिने! दहा महिने मी बैल केले, तक्ते काढले, हिंगूळ लावला — या दोन ओळींसाठी.

साहेबाची बदली झाली. जाताना त्याची रंगाची पेटी मला देऊन गेला. चांगली विलायती आहे. उघडवत नाही.

१ जानेवारी १९४५

शाळेत परत. कमळ आणि घडा. बरं वाटायला हवं होतं.

११ फेब्रुवारी

भावकू खडेबाजारात भेटला. गाडीला वंगण घ्यायला आला होता. विचारलं, येतोस का घरी, चहा घेऊन जा. आला. बेबीनं पोहे केले. शेडचं नाव दोघांनीही काढलं नाही. निघताना म्हणाला, येत्या बेंदराला माझी बैलं तुमच्या गल्लीत आणतो, सूनबाईंनी ओवाळावं. बेबी म्हणाली, तोवर हेसुद्धा येतील. भावकू माझ्याकडे बघत राहिला.

५ मे

रंगून घेतलं! शाळा लवकर सुटली. कैदी सुटतायत म्हणे, बोटीनं आणतायत.

बेबीनं ट्रंकेतून शरदचे सदरे काढून उन्हात घातले. बाह्या जरा आत घ्यायला लागतील म्हणाली, वाळला असेल. आक्का दर तासाला देवापुढे जाऊन येते. मीही आज देवापुढे बसलो. काय मागू तेच सुचेना. तसाच उठलो.

१४ जून

गावात सुटलेली माणसं दिसायला लागली. हाडं आणि डोळे. मी रोज शाळेआधी स्टेशनावर जातो. शरद नाही.

२२ जून

शरदचा माणूस आला!

शाळेतून आलो तर पडवीत बसलेला. नाव रवळू. खानापूरकडचा शेतकरी, पलटणीतला शिपाई. शरदबरोबर कैदेत होता. सध्या पलटणीच्या दवाखान्यात आहे, पायाला जखम. पत्ता शोधत आला, लंगडत, एवढ्या लांब.

जपान्यांनी त्यांना सिंगापूरहून बर्मात आणलं. आणि कामाला लावलं — बैलगाड्यांवर. तांदळाच्या गाड्या. दोन वर्षं.

माझ्या हातातली पुस्तकं खाली पडली. आक्कानं उचलली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बेबी हसत होती. शरद आणि बैल! गवळ्याची म्हैस गल्लीत आली तरी घरात पळणारा माणूस. जुंपता तरी येत होतं का त्यांना, म्हणून तिनं विचारलं. रवळू म्हणाला, शिकले की, आमच्यापेक्षा चांगले. बैलांना औषधंही तेच द्यायचे. मग ती विचारत गेली — जेवायला काय, ताप येतो का, केस पिकले का. तो एकेक सांगत होता. चहाच्या कपाकडे बघून सांगत होता. आता कुठे आहेत, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, आमची ताटातूट झाली, मला नीट ठाऊक नाही.

दारापर्यंत सोडायला गेलो. तिथे हळू म्हणाला, 'सोमवारी दवाखान्यात या. एकलं या.'

२३ जून

बेबीनं बाह्या आत घेतल्या.

२४ जून

काही खाल्लं नाही. उद्या सोमवार.

२५ जून, बेंदूर

रवळूला भेटलो.

दोन वर्षांपूर्वीच्या बेंदराला शरदनं तिथल्या बैलांची शिंगं रंगवली होती. हिंगूळ कुठला मिळायला, विटेची भुकटी तेलात कालवून. नुसता सण म्हणून. त्याच आठवड्यात विमान आलं, खाली येऊन बघितलं आणि वळून गेलं. तेव्हापासून शरदनं कुठल्याच गाडीच्या बैलांची शिंगं फिकी पडू दिली नाहीत. पावसात धुऊन गेली तर पुन्हा रंगवायचा. आपली विमानं ओळखतात आपल्याला, असं सगळ्यांना सांगायचा.

'गेल्या दिवाळीपत्तर वळून जायाची समदी,' रवळू म्हणाला. 'आमी हात करायचो त्यास्नी. मंग एक दिस इमान आलं, त्ये वळलंच न्हाय. शरदअण्णाची गाडी म्होरं हुती.'

मी कुठे काम करत होतो ते त्याला माहीत नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला होता.

भावकूनं कबूल केल्याप्रमाणे बैल आणलेत. दारात घुंगरं वाजतायत. बेबी कुंकू लावून ओवाळायला बाहेर गेली आहे. ती आत आली की सांगायचं आहे.